टंचाईच्या पोटातले दूषण

परभणी जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘किती’ हा असतो. येलदरीत किती टक्के साठा उरला, नळ किती दिवसांनी सुटणार, विहिरीत किती परस पाणी आहे, बोअरला किती इंच लागले. पाणी कसे आहे, हे विचारण्याची पाळी बहुधा गावात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाल्यावर येते. हा क्रम अनुभवातून आलेला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि लातूरप्रमाणे परभणीतही पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. ज्या मुलखाने हे पाहिले त्याने आधी घागर भरायची आणि मग घागरीत काय आहे ते बघायचे अशी सवय लावून घेतली, यात नवल नाही. सरकारी कामकाजानेही तोच क्रम उचलला. टंचाई आराखडा एका टेबलावर, पाण्याची गुणवत्ता दुसऱ्या, आणि साथीचे रोग तिसऱ्या. या पुस्तिकेची मांडणी या विभागणीला हरकत घेणारी आहे. परभणीत टंचाई आणि दूषण यांना एकामागून एक सोडवता येत नाही. गेल्या काही पिढ्यांत टंचाईवर इथे जो जो उपाय निघाला, त्याने एक जुना दोष घालवला आणि एक नवा आणला. म्हणून कोणतीही पाणीयोजना किती पाणी देणार हे विचारतानाच ती कोणता दोष सोबत आणणार आहे, हेही पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. पुढचे सगळे विवेचन त्याच्या पुराव्यासाठी आणि त्यावरच्या आक्षेपांसाठी आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांचा हा जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यात पसरला आहे. (ही पूर्णा गोदावरीला मिळणारी. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातली पूर्णा तापीला मिळते; ती वेगळी, आणि तिथले पाण्याचे दुखणेही वेगळे.) जिल्ह्याच्या बुडाशी दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट खडक आहे आणि त्यावर काळी माती. बेसॉल्ट स्वतः पाणी धरत नाही. पाणी असते ते त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात, सांध्यांत, फटींत आणि दोन लाव्हाथरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी जाते. याच फटींमुळे वरची घाण खालपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही, कारण वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी जसे गाळले जाते तसे खडकाच्या फटीतून वाहताना गाळले जात नाही. काळ्या मातीचा गुणही इथे मोजावा लागतो. ओली असताना ती फुगून पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो तेव्हा जमीन मिटलेली नसते. उकिरड्यावरचे, गोठ्यातले, गावकुसाबाहेरचे सगळे धुऊन ते पाणी भेगांतून थेट खाली उतरते. जून-जुलैत जुलाबाच्या साथी का वाढतात, याचे निम्मे उत्तर या भेगांत आहे. उरलेले निम्मे उत्तर असे की त्याच वेळी विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि थोड्या पाण्यात तेवढीच घाण अधिक दाट होते.

टंचाईवरचा पहिला मोठा उपाय दगडात कोरलेला आजही दिसतो. परभणी हा बारवांचा जिल्हा आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, जिंतूर तालुक्यातले चारठाणा, परभणीजवळचे पिंगळी ही नावे आता वारसा जपणाऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि असावीतही. पाण्याची पातळी कितीही खाली गेली तरी माणसाला पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता यावे, ही त्यामागची बुद्धी कोरडवाहू मुलखाला शोभणारी होती. पण माणसाचा पाय पाण्यात पडणे हीच गोष्ट एका रोगाला हवी होती. नारूचा जंतू अंगात असलेला माणूस पायरीवर उभा राहून पाण्यात पाय बुडवी, पायावरचा फोड फुटे आणि हजारो अळ्या पाण्यात सुटत. त्या अळ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या पोटात जात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगातून सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर येई. काडीला गुंडाळत तो दिवसेंदिवस ओढून काढावा लागे, आणि बहुधा पेरणीच्या दिवसांतच माणूस अंथरुणाला खिळे. भारतात १९८४ च्या सुमारास नारूच्या रुग्णांची नोंद सुमारे चाळीस हजारांवर होती आणि महाराष्ट्र बाधित राज्यांपैकी एक होता. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. या रोगावर औषध नव्हते, लस नव्हती. तो गेला तो पायविहिरींचा पिण्यासाठीचा वापर थांबवल्याने, पाणी फडक्याने गाळल्याने, सूक्ष्म जीव मारणारे रसायन पाण्यात टाकल्याने आणि गावोगाव रुग्ण शोधल्याने. दोष नेमका ओळखला तर महागडे तंत्र नसतानाही तो हटवता येतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे नाही.

नारूचा आणि पटकीचा धाक ज्या उपायाने कमी केला, तो १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याच्या गावागावांत आणला. खडकात खोल छिद्र पाडणारी यंत्रे आली आणि त्यावर हातपंप बसले. आज जगभर इंडिया मार्क दोन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हातपंपाची वंशावळ शेजारच्या जालन्यातल्या मिशनच्या कार्यशाळेपर्यंत आणि मग सोलापूरपर्यंत जाते, ही या भागाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. झाकलेले, खोलातले, पायाचा स्पर्श नसलेले पाणी जंतूंच्या दृष्टीने उघड्या आडापेक्षा निश्चित चांगले होते. मात्र खोल जाण्याला अंत राहिला नाही. शेतीच्या उपशाने वरचा थर कोरडा पडत गेला तसे बोअर दोनशे फुटांवरून तीनशे, चारशे आणि त्याहून खाली गेले. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल विहीर घेण्यावर बंदी घातली. ती शिवारात कितपत पाळली जाते हे बोअरच्या गाड्या पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. खोलातले पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहिलेले असते. त्यातला कॅल्शियम कमी होतो, सोडियम आणि अल्कता वाढते, आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहज विरघळून राहते. बांगलादेशात हेच वेगळ्या रूपात घडले. मुलांना जुलाबापासून वाचवण्यासाठी लक्षावधी नळविहिरी खोदल्या गेल्या आणि १९९० च्या दशकात कळले की त्यांतल्या असंख्य विहिरींत आर्सेनिक आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये आर्सेनिकची ती भीती नाही. पण जंतूंची तपासणी करून निर्धास्त झालेल्यांनी क्षारांची तपासणी केलीच नाही, ही तिथली चूक इथेही होऊ शकते.

फ्लोराइडविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नांदेडच्या किनवट भागात, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बेसॉल्टचे आवरण संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक वर येतात; तिथल्या फ्लोरोसिसची तीव्रता परभणीला सरसकट लागू करता येणार नाही. इथला प्रश्न सुटासुटा आहे: एखाद्या वस्तीचा एखादा खोल बोअर. म्हणूनच जिल्ह्याची सरासरी इथे काही सांगत नाही आणि प्रत्येक स्रोत स्वतंत्र मोजावा लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. पण शरीराला अपाय होतो तो दिवसभरात पोटात गेलेल्या एकूण मात्रेने. १.५ मिलिग्रॅमचे पाणी दोन लिटर प्यायले तर ३ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलेला असताना परभणीच्या शिवारात राबणारा मजूर, वीटभट्टीवरची बाई किंवा ऊसतोडणीला गेलेले जोडपे दिवसाला सहा लिटर सहज पिते. त्यांच्या पाण्यात १.२ मिलिग्रॅम असले तरी रोजची मात्रा ७.२ मिलिग्रॅम होते, आणि दिवसाला सुमारे ६ मिलिग्रॅमच्या वर हाडांवर परिणाम होण्याची शक्यता दिसू लागते असे जागतिक आरोग्य संघटनेचे मूल्यमापन आहे. म्हणजे कागदावर मर्यादेत बसणारे पाणी कष्टकऱ्याच्या बाबतीत मर्यादेत बसेलच असे नाही. हवामान आणि पाणी पिण्याचे प्रमाण पाहून देशांनी आपली मर्यादा ठरवावी असे ही संघटना स्वतःच सांगते. लहानपणी दात तयार होत असताना पडलेले पांढरे-तपकिरी डाग पुढे जात नाहीत, आणि सांधे-कणा ताठरू लागल्यावर ते पूर्ववत करणारे औषध नाही. इथे उशीर झाला तर तो भरून काढता येत नाही.

नायट्रेटची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय भूजल मंडळाने राज्यातले जे जिल्हे नायट्रेटबाधित म्हणून नोंदवले आहेत, त्यांत परभणीही आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिला सवलत नाही. पिकाला दिलेला युरिया, उकिरडा, गोठ्यातले मूत्र, शोषखड्डे आणि शौचालयाचे खड्डे हे त्याचे उगम. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरते. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीचे पाणी दुधात मिसळून दिलेली तान्ही बाळे निळी पडत असल्याचे दाखवले, तेव्हापासून ही मर्यादा आरोग्यशास्त्रात आली. त्या बाळांच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी झालेली होती. आपल्याकडे बहुतेक तान्ही मुले आईच्या दुधावर असतात आणि आईच्या दुधातून नायट्रेट धोकादायक प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे अशा घटना क्वचित कानावर येतात. मग नायट्रेट मोजायचे कशाला? कारण ते साक्षीदार आहे. वस्तीतल्या विहिरीत नायट्रेट वाढले असेल तर मलमूत्राचे पाणी तिथवर पोचते आहे असा अंदाज बांधता येतो, आणि ज्या वाटेने नायट्रेट आले त्या वाटेने जंतूही येऊ शकतात. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा हा नियम मातीच्या जाड थरासाठी ठीक आहे. फटींच्या खडकात पन्नास फूट पुरतीलच याची हमी नाही. गाव हागणदारीमुक्त झाले ही मोठी मिळकत आहे, पण घाण जमिनीवरून जमिनीखाली गेली असेल तर तिचा माग ठेवायला हवा.

तरीही दरवर्षी सर्वाधिक माणसांना आजारी पाडणारा दोष जंतूंचाच आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण स्रोतापाशी नाही, वितरणात आहे. परभणी शहराला पूर्वी राहटीच्या बंधाऱ्यातून आणि आता येलदरीच्या योजनेतून पाणी मिळते, आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने नळ येणे हे शहराने वर्षानुवर्षे सोसले आहे. ग्रामीण भागात जलजीवन मिशनने २०१९ पासून घरोघर नळ नेले. पण वीज, पंप आणि उन्हाळ्यात आटणारी विहीर यांच्या तालावर तो नळ चालतो. नळ बंद असतो तेव्हा वाहिनीतला दाब नाहीसा होतो, आणि गटाराशेजारून गेलेल्या वाहिनीच्या फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. नळ सुटल्यावर पहिले पाणी गढूळ, वासाचे येते ते याचमुळे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले निर्दोष पाणी शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत दूषित होऊ शकते, आणि मग केंद्रातला नमुना पास झाल्याचा दाखला त्या गल्लीला काहीच सांगत नाही. दहा दिवसांचे पाणी घरात साठवावे लागते. त्यात बुडणारा तांब्या, त्याला लागलेला हात, उघड्या रांजणात वाढणारी डेंग्यूच्या डासाची अळी हे सगळे पुरवठ्याच्या अंतराचेच परिणाम आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीतला हिपॅटायटिस ई हा विषाणू गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत गाठतो तेव्हा पाचातल्या एकीचा जीव घेऊ शकतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि संशय पुन्हा पाण्यातून येणाऱ्या जंतूवर गेला. पुण्यासारख्या साधनसंपन्न शहरात हे होत असेल तर आठवड्याने नळ सुटणाऱ्या गावाने गाफील राहून चालणार नाही.

या जंतूंवरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे, आणि त्याची यंत्रणा महाराष्ट्रात कागदावर चांगलीच उभी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे, टीसीएल पावडरची पोती आहेत, नळाच्या पाण्यात क्लोरिन उरले आहे का हे पाहण्याची ओटी टेस्ट आहे, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. घोडे अडते ते तपशिलात. टीसीएलमध्ये कारखान्यातून निघताना सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो; उष्णतेने आणि दमटपणाने तो उडत जातो. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे राहिलेल्या पोत्याची ताकद निम्म्याच्याही खाली आली तर आश्चर्य नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर टाकली आणि तिची ताकद ३३ टक्के असली, तर लिटरला १.६५ मिलिग्रॅम क्लोरिन मिळतो. ताकद १५ टक्क्यांवर आली असेल तर तोच पाच ग्रॅमचा डोस ०.७५ मिलिग्रॅमच देतो. गढूळ पाण्यात तेवढा तर घाणीशी झगडण्यातच संपतो आणि शेवटच्या नळावर अपेक्षित असलेला ०.२ मिलिग्रॅम उरत नाही. नोंदवहीत मात्र ‘पाच ग्रॅम टाकले’ हे खरेच असते. साथ आल्यावर जलसुरक्षकावर ठपका ठेवून फाइल बंद करणाऱ्यांनी पोत्याची ताकद कधी तपासली होती, हे आधी सांगितले पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की तहानलेल्या गावाला शुद्धतेचे धडे देणे ही चैन आहे. टंचाईत माणशी वीस लिटर टँकरने पोचवतानाच प्रशासनाची दमछाक होते, तिथे मानकांचा हट्ट कसा धरायचा? या आक्षेपातले अर्धे सत्य मान्य केलेच पाहिजे. पाणी कमी असले की हात धुणे, भांडी घासणे, अंघोळ हे पहिल्यांदा कमी होते आणि खरूज, डोळे येणे, जुलाब वाढतात. थोड्या शुद्ध पाण्यापेक्षा पुरेसे साधारण पाणी आरोग्याला कधी कधी अधिक उपयोगी पडते. पण क्लोरिनमुळे एक थेंबही पाणी कमी होत नाही. टँकर भरताना त्यात टीसीएलचे द्रावण टाकण्याचा खर्च डिझेलच्या खर्चापुढे नगण्य आहे. टँकर कोणत्या विहिरीवर भरायचा हे ठरवताना त्या विहिरीचे नायट्रेट आणि फ्लोराइड आधीच माहीत असले तर निर्णयाला वेळही लागत नाही. वेळ लागतो तो माहिती नसल्यामुळे, आणि माहिती नसते कारण टंचाई नसलेल्या महिन्यांत तिची आठवण कोणाला होत नाही.

दुसरा आक्षेप गावच्या पारावरचा आहे: आमच्या बापजाद्यांनी हेच पाणी पिऊन नव्वदी गाठली. नव्वदी गाठलेले आठवतात; पाळण्यातच गेलेले आणि पटकीत उठलेले कोणाच्या आठवणीत उरत नाहीत. शिवाय ते पाणी ‘हेच’ नव्हते. बापजाद्यांची विहीर चाळीस-पन्नास फुटांची होती, तिच्या आसपास युरियाची पोती रिकामी होत नव्हती आणि वस्तीत शोषखड्डे नव्हते. नारू मात्र होता. याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे चवीवर ठेवलेला भरवसा. पाणी खारट लागते, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, म्हणजे ते वाईट. गोड लागते म्हणजे चांगले. जड पाण्याने मुतखडा होतो ही समजूत मराठवाड्यात सर्वत्र आहे, पण पाण्याचा जडपणा आणि मुतखडा यांचा ठाम संबंध संशोधनातून सिद्ध झालेला नाही. उन्हात राबून पुरेसे पाणी न पिणे हे त्याचे अधिक खात्रीचे कारण आहे, आणि ते पुन्हा टंचाईकडेच बोट दाखवते. उलट जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड या तिघांनाही रंग, वास, चव काहीच नाही. माणसाची जीभ ज्याची तक्रार करते ते बहुधा निरुपद्रवी असते, आणि जे उपद्रवी असते त्याची जीभ तक्रार करत नाही. घरगुती उपायांचेही तसेच. तुरटी पाणी निवळते, जंतू मारत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात नायट्रेट आणि फ्लोराइड अधिक दाट होतात. क्लोरिन या दोघांना हातही लावत नाही. दोष कोणता हे कळल्याशिवाय उपाय निवडणे म्हणजे नाडी न बघता पुडी देणे होय.

तिसरा आक्षेप बाजाराने दिलेला आहे. घरात आरओ बसवा, नाहीतर वीस लिटरचा थंड जार लावा, प्रश्न मिटला. गावोगाव उभे राहिलेले प्लांट आणि लग्नकार्यापासून दुकानापर्यंत पोचलेले जार पाहता हा उपाय लोकांनी स्वीकारलेला आहे, आणि फ्लोराइड खरोखर जास्त असलेल्या वस्तीत जवळ दुसरा स्रोत नसेल तर आरओ योग्यही आहे. पण सरसकट उपाय म्हणून तो टिकत नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो. टंचाईच्या जिल्ह्यात हा हिशेब उलटा आहे. ज्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत तिथे आरओवर बंदी घालावी असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला, तो याच कारणाने. आरओच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक राहत नाही, त्यामुळे धुतलेला-न धुतलेला जार, तोटी आणि हात यांतून शिरलेल्या जंतूला अडवणारे काहीच उरत नाही. सीलबंद बाटलीला परवाना आणि तपासणी असते; सुट्या जारवर तशी देखरेख जवळपास नसते. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की जार पैसे देणाऱ्याच्या घरी जातो. गावातल्या बोलक्या, वजनदार माणसांनी एकदा जार लावला की सार्वजनिक नळाच्या पाण्याची तक्रार ग्रामसभेत उठवणारा आवाजच कमी होतो, आणि ते पाणी पिणारी वस्ती तेच पीत राहते.

चौथा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो प्रामाणिकपणे समोर ठेवला पाहिजे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या प्रयोगांत नुसते पाणी निर्जंतुक केल्याने मुलांची वाढ सुधारल्याचे दिसले नाही, आणि केनियात जुलाबही कमी झाले नाहीत. मग एवढा खटाटोप कशासाठी? दुसरीकडे, अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून पाणी शुद्ध केल्याने पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात असे मांडले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. मुलाची उंची अन्न, आईचे आरोग्य, अंगणातली घाण अशा अनेक गोष्टींवर ठरते. पाण्यातून आलेला एक जीवघेणा जुलाब मात्र एकटा पुरेसा असतो. या निष्कर्षांवरून एवढे घ्यावे की पाण्याचा उपाय आवश्यक आहे, पुरेसा नाही. क्लोरिनमुळे तयार होणाऱ्या उपपदार्थांची भीतीही काही जण घालतात. ते पदार्थ तयार होतात हे खरे, परंतु निर्जंतुकीकरण न करण्याचा धोका त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे.

शेवटचा आक्षेप बोलला जात नाही, पाळला जातो: तपासणी केली आणि दोष निघाला तर गावाची बदनामी होईल. लाल कार्ड कोणत्या सरपंचाला हवे असते? परिणामी नमुना स्वच्छ नळाचा घेतला जातो, सोयीच्या महिन्यात घेतला जातो, आणि अहवाल कपाटात राहतो. याला उत्तर उपदेशाने मिळणार नाही, नियमाने मिळेल. प्रत्येक सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून दोनदा, म्हणजे एकदा मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर आणि एकदा पावसाळ्यानंतर, व्हावी. जंतूंची तपासणी पहिल्या पावसानंतर लगेच व्हावी आणि नमुना स्रोताचा नसून शेवटच्या घराच्या नळाचा असावा. टीसीएलच्या पोत्याची ताकद उन्हाळ्यात दर महिन्याला मोजावी. आणि हे सगळे आकडे मर्यादेसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, गावाला वाचता येईल अशा मराठीत लिहिलेले असावेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पाणी भरणाऱ्या, साठवणाऱ्या आणि आजारी मुलाच्या उशाशी बसणाऱ्या बायकांच्या हाती मोजमाप देणे हा त्या योजनेतला सर्वांत शहाणा भाग आहे. त्यांच्या किटमध्ये दोष निघाला तर प्रयोगशाळेने किती दिवसांत खात्री करून द्यायची आणि पर्यायी पाणी कोणी द्यायचे, एवढे मात्र लेखी ठरलेले हवे.

पुढील प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी जमीन आणि स्रोत, मग जंतू, मग फ्लोराइड आणि नायट्रेट, त्यानंतर तपासणीच्या पद्धती आणि शेवटी गावपातळीवरचे हिशेब. वाचक शिक्षक असो, आशा कार्यकर्ती असो, ग्रामपंचायत सदस्य असो की पाणीपुरवठ्याचा अभियंता, त्याने ही प्रकरणे वाचताना आपल्या गावाचा स्रोत डोळ्यांसमोर ठेवावा आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या स्रोताविषयी आपल्याला कोणता आकडा माहीत नाही हे लिहून काढावे. नारू हटवणाऱ्यांकडे आपल्याहून कमी साधने होती. त्यांना एवढेच नेमके ठाऊक होते की दोष कुठे शिरतो. पुढचा टंचाई आराखडा तयार होईल तेव्हा त्यात प्रस्तावित प्रत्येक बोअर, अधिग्रहित विहीर आणि टँकरच्या भरण्याच्या ठिकाणासमोर पाण्याच्या प्रमाणाइतकाच पाण्याच्या तपासणीचा रकाना असावा, आणि तो रिकामा असेल तर आराखडा मंजूर होऊ नये. परभणीकरांनी ही मागणी ग्रामसभेतून आणि जिल्हा नियोजनाच्या बैठकीतून लावून धरली, तर या पुस्तिकेचे काम झाले असे म्हणता येईल.